दोन जादा रकाने

"आऱ्याचा रघू गेला," योगिनी सिस्टर फोनवर म्हणाल्या. "आज पहाटे. दवाखान्यात नेताना वाटेतच."

सोमवारचे साडेअकरा वाजले होते. मारुती मंदिरजवळ, औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात वैदेही आपल्या टेबलाशी बसली होती. पाच माणसांची ती लहानशी कंपनी, आणि मालक गुरुप्रसाद सोडले तर वैदेहीच तिथे सगळ्यात जुनी. योगिनी सिस्टर शहरातल्या एका खाजगी डायलिसिस केंद्राच्या इन्चार्ज. त्या केंद्राचं सॉफ्टवेअर वैदेहीनेच लिहिलं होतं. कुणाची पाळी कुठल्या वारी, कुठल्या मशीनवर, आणि पाळी बदलली तर पेशंटच्या घरी फोनवर मेसेज.

"गुरुवारपासून पाण्याचा प्लांट कुरकुरत होता," सिस्टर सांगत होत्या. "मेकॅनिक शनिवारी येतो म्हणाला, म्हणून शनिवारची बॅच आम्ही शुक्रवारी दुपारीच घेतली. चौदा जणांना मेसेज टाकला. स्क्रीनवर चौदाही जणांपुढे हिरवी खूण आली. आले मात्र नऊ. बाकीचे पाच शनिवारी आले आणि दाराला कुलूप बघून गेले. चौघांनी चिपळूण-कोल्हापूर कुठेकुठे सोय केली. रघू म्हणाला, मंगळवारपर्यंत काढतो."

"पण मेसेज तर..."

"त्याची बायको मालन म्हणते, आलाच नाही. म्हणून आत्ता मी त्या नऊ जणांनाही विचारलं. त्यांनाही नाही आला. त्यांनी आपणहून फोन करून विचारलं होतं म्हणून त्यांना कळलं." सिस्टर थांबल्या. "रघूला गुरुवारी मीच सांगितलं होतं. बदल झाला तर मेसेज येईल, तू निर्धास्त जा. आधी मी सगळ्यांना फोन करायचे गं. तुमचं हे सुरू झालं तेव्हा बंद केलं."

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. असता तर वैदेहीला बरं वाटलं असतं.

रघू तिला चांगला आठवत होता. ट्रॉलरवरचा खलाशी, चाळिशीतच मूत्रपिंडं गेलेला. दोन वर्षांपूर्वी मेसेजची चाचणी घ्यायला ती केंद्रावर गेली होती, तेव्हा पहिला मेसेज त्याच्या बायकोच्या, मालनच्या फोनवर पाठवला होता. मालनने अक्षरावर बोट ठेवून तो मोठ्याने वाचला. आणि सुजलेले पाय स्टुलावर ठेवून बसलेला रघू बायको वाचते आहे याच्या कौतुकाने इकडेतिकडे बघत होता.

फोन ठेवून वैदेहीने सर्व्हर उघडला. बुधवार दुपारनंतर गेलेला एकही मेसेज कुणाला पोचला नव्हता. बुधवारी काय बदललं ते शोधायला तिला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. खरं तर शोधावंच लागलं नाही.

झालं होतं ते असं. ऑगस्टमध्ये मेसेज पोचवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं होतं. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक मेसेजसोबत आणखी दोन गोष्टी पाठवायच्या, मजकुराच्या नमुन्याचा क्रमांक आणि संस्थेचा नोंदणी क्रमांक. त्या नसतील तर मेसेज घेतला जाईल, पण टेलिफोन कंपन्या तो मधेच टाकून देतील. आता मेसेज पाठवायचा हा भाग वैदेहीने स्वतः लिहिलेला नव्हता. परदेशातल्या कुणा माणसाने लिहून फुकट ठेवलेल्या तयार कोडची एक लायब्ररी तिने घेतली होती. त्या लायब्ररीच्या लेखी मेसेज म्हणजे तीन रकान्यांचा छापील फॉर्म होता: नंबर, पाठवणाऱ्याचं नाव, मजकूर. त्याबाहेर काही लिहून दिलं तर लायब्ररी ते चुपचाप गाळून टाकायची. तक्रारसुद्धा करायची नाही.

दुसऱ्याच्या कोडला हात न लावता त्याच्या फॉर्मवरून आपला पाच रकान्यांचा फॉर्म करायचा आणि पाठवणाऱ्या भागाला तो ओळखायला शिकवायचं, ही नीट रीत. वैदेहीला ती ठाऊक होती. ऐकायला सोपं वाटतं, पण त्या लायब्ररीत चार वेगवेगळ्या जागी तो तीन रकान्यांचा फॉर्म आतल्या आत तयार होत होता. चारही जागा सांभाळायच्या आणि तपासायच्या म्हणजे दोन दिवस. गणपती चार दिवसांवर आले होते. "सोमवारच्या आत चालू पाहिजे, कसंही कर," असं सांगून गुरुप्रसाद सर गावी गेले. वैदेहीलाही आईला घेऊन गुहागरला मामाकडे जायचं होतं. तिने सर्व्हरवर लायब्ररीचीच फाइल उघडली आणि तिच्या पोटात स्वतःच्या दोन ओळी घातल्या. मेसेज गेला. सगळं पाच मिनिटांत झालं. वहीत तिने लिहून ठेवलं, 'गणपतीनंतर नीट करणे.' गणपतीनंतर एका शाळेचं काम आलं, मग दिवाळी आली. त्या दोन ओळी ऑफिसच्या कुठल्याच नोंदीत नव्हत्या. त्या आहेत हे जगात एकट्या तिला माहीत होतं.

गेल्या बुधवारी त्या लायब्ररीत सुरक्षेची एक फट सापडल्याची सूचना आली. अपडेट करून घ्या, अशी. ते काम मितेशकडे होतं. मितेश मिरकरवाड्याचा, घरात तीन पिढ्या मासेमारी, कॉम्प्युटर शिकलेला घरातला पहिलाच. नोकरीला लागून आठ महिने झाले होते. काम करताना तो विचारून करायचा. त्या दिवशीही त्याने विचारलं होतं.

"ताई, ही लायब्ररी अपडेट करतोय. यात आपलं काही नाही ना?"

वैदेही तेव्हा फोनवर शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलत होती. तिने फोनवर हात ठेवला आणि म्हणाली, "नाही. कर तू."

नवी फाइल आली, जुनी गेली. जुनीबरोबर त्या दोन ओळीही गेल्या.

वैदेहीने आधी त्या ओळी परत घातल्या. स्वतःच्या फोनवर मेसेज आलेला बघितला. मग गुरुप्रसाद सरांना फोन केला. मेसेज का बंद पडले होते ते तिने सांगितलं नाही. बंद पडले होते, आता सुरू झालेत, एवढंच सांगितलं.

तीन वाजता सरांनी तिला आणि मितेशला आतल्या खोलीत बोलावलं. सर आरडाओरडा करणारे नव्हते. पुण्यात बारा वर्षं नोकरी करून परत आलेला माणूस. वडिलांच्या आंब्याच्या बागा सांभाळत कंपनी चालवायचा. त्यांनी सर्व्हरच्या नोंदींचा कागद काढून समोर ठेवला होता. बुधवार, दोन वाजून दहा मिनिटं, मितेशचं नाव.

"अपडेट केल्यावर तपासलंस?"

"तपासलं, सर. हिरवी खूण आली."

"खूण आली. फोनवर मेसेज आला का ते बघितलंस?"

मितेशने कागदावरच्या आपल्या नावाकडे बघितलं. "नाही, सर. ते नाही बघितलं."

वैदेही त्याच्या समोरच बसली होती. सरांचं हे वाक्य संपलं की बोलायचं, असं तिने ठरवलं. ते संपलं. मग पुढचं संपलं की, असं ठरवलं. सर म्हणाले, केंद्राला आजच लेखी उत्तर द्यावं लागेल. मितेश म्हणाला, माझी चूक आहे, मी बघायला पाहिजे होतं. त्याच्या त्या वाक्यानंतर बोलणं सोपं व्हायला हवं होतं, पण ते आणखीच अवघड झालं. त्याने तिचं नाव घेतलं नाही. तिला विचारलं होतं हेही तो बोलला नाही. कदाचित त्याला वाटलं असेल, ताईंनाही माहीत नव्हतं, त्यांना कशाला मधे ओढा. सर उठले, मितेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "थोडे दिवस घरी राहा," आणि मीटिंग संपली.

पत्र संध्याकाळी गेलं. 'नवीन कर्मचाऱ्याने पुरेशी तपासणी न करता केलेल्या बदलामुळे,' असं त्यात होतं. सरांनी व्याकरण बघायला ते वैदेहीकडेच पाठवलं होतं. तिने एक वेलांटी दुरुस्त करून परत दिलं.

घरी आई, मालिनीबाई, निवृत्त शिक्षिका. जेवताना वैदेहीने रघूचं सांगितलं, अपडेटचं सांगितलं. पुढचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "मिरकरवाड्याच्या मुलाच्या हाती एवढी जबाबदारी द्यायचीच कशाला? त्यांना काय कळतंय त्यातलं?"

"त्याला कळतं, आई."

"कळत असतं तर असं झालं असतं का?"

वैदेही ताटावरून उठली.

पुढचे दोन दिवस तिने ते काम केलं जे ऑगस्टमध्ये करायचं होतं. लायब्ररीच्या फॉर्मवरून स्वतःचा फॉर्म बांधला, दोन रकाने वाढवले, चारही जागी तोच वापरला जाईल असं केलं. एखादा रकाना रिकामा राहिला तर मेसेज पुढे जाऊच नये, ओरडून सांगावं, अशी सोय केली. हिरवी खूण फोनवर मेसेज पोचल्यावरच उमटावी असं केलं. लायब्ररी तीनदा काढून परत घातली तरी काही बिघडलं नाही. इतकं स्वच्छ काम तिने आजवर केलं नव्हतं. दोन दिवसच लागले. ऑगस्टातला अंदाज तंतोतंत बरोबर होता, आणि काम संपल्यावर तिला तेच सगळ्यात सोसेना.

तिला बोलायला आणखी सोळा दिवस लागले. रोज ऑफिसात येताना ती ठरवायची आणि रोज संध्याकाळी मितेशच्या मोकळ्या खुर्चीला वळसा घालून घरी जायची. अखेर एका शुक्रवारी ती सरांच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. दोन ओळी, वही, "नाही, कर तू," सगळं.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पत्र गेलंय, वैदेही."

"दुसरं पाठवू."

"काय लिहू त्यात? पहिलं चुकीचं होतं म्हणून?"

"चुकीचंच होतं."

"डॉक्टरांनी लिहून दिलंय, रघूचं हृदय आधीच फार कमकुवत झालं होतं. शुक्रवारी आला असता तरी सांगता आलं नसतं. कुणी तक्रार केलेली नाही. केंद्राने काम आपल्याकडेच ठेवलंय. आता हे उकरून तू कुणाचं भलं करणार आहेस?"

"मितेशचं."

"त्याचं मी बघतो. लोट्याला एका कंपनीत माझी ओळख आहे, तिथे चिकटवून देतो." ते खिडकीकडे बघत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "मला तेव्हाच सांगायचं होतंस. आत्ता सांगून तू मला पण यात घेतलंस."

रविवारी सकाळी वैदेही मिरकरवाड्याला गेली. लिलाव आटोपला होता. बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं आणि बायका रिकाम्या टोपल्या आपटून धूत होत्या. मितेशचं घर विचारत ती गल्लीत शिरली, तर त्याची आई धोंडूबाई दारातच भेटली. ऑफिसातल्या ताई म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला.

"या, बाय, या. मी म्हनतच व्हते, सायेब बोलावतील परत. पोरगा जेवत नाय नीट. घरात बसून नुसता जाळी शिवतो."

तिने खुर्ची पुसून दिली आणि चहा ठेवायला आत गेली. मितेश मागच्या पडवीत फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन बसला होता. तो उठायला लागला. वैदेही म्हणाली, "बस. मला आधी बोलू दे."

तिने सांगितलं. सांगताना ती त्याच्या हातांकडे बघत होती. सुई जाळ्यात अर्धवट अडकून राहिली होती.

"तुमच्या दोन ओळी होत्या," तो शेवटी म्हणाला. "लायब्ररीच्या फाइलमध्ये."

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो. मी विसरले होते, मितेश. त्या क्षणी खरंच विसरले होते. पण त्या सोमवारी मीटिंगमध्ये मला सगळं आठवत होतं."

आत भांड्यांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "ताई, मी आऱ्याला जाऊन आलो."

"कधी?"

"बाराव्याला. मालनवैनीला सांगितलं, माझ्या हातून झालं. पाया पडलो तिच्या. ती अख्ख्या वाडीसमोर मला नाय नाय ते बोलली. मरत कसा नाहीस म्हणाली. मी मान खाली घालून ऐकलं. नंतर तिच्या दिराने मला बस येईपर्यंत सोबत केली." त्याने सुई काढून बाजूला ठेवली. "त्या दिवशी घरी आलो आणि पहिल्यांदा झोप लागली. वाटलं, जे आपलं होतं ते जाऊन घेतलं. आता तुम्ही म्हणता ते माझं नव्हतंच."

वैदेहीला रडू आलं नाही. ते यावं असं तिला वाटत होतं.

धोंडूबाई चहा घेऊन आली. "मंग कधीपासून येऊ दे याला?" तिने विचारलं. मितेश म्हणाला, "आई, त्या सहज आल्यात." वैदेहीने तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. तो सोडून उठणं शक्यच नव्हतं.

तिथून तिने एसटी स्टँडवर जाऊन आऱ्याची बस पकडली. बसमध्ये आरे-वारेचा समुद्र बघायला निघालेली मंडळी होती. फोटो काढत, खात होती. ती गावात उतरली. मालनचं घर सापडायला वेळ लागला नाही. मालन अंगणात झावळीचे हीर काढत बसली होती, केरसुणीसाठी. तिने वैदेहीला लगेच ओळखलं.

"मेसेजवाली ना तू?"

"हो, वहिनी."

"बस."

वैदेही पायरीवर बसली. इथे लायब्ररी, फाइल, रकाने सांगण्यात अर्थ नव्हता. ती म्हणाली, "तुम्हाला मेसेज आला नाही, ती चूक त्या मुलाची नव्हती. माझी होती. मी एक काम घाईत अर्धवट केलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच्यावर आलं तेव्हाही मी गप्प बसले."

मालनचा विळा चालत राहिला. एक हीर, दुसरा, तिसरा. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "त्या पोराला मी काय काय बोलले ते ऐकलंस काय?"

"त्याने सांगितलं."

"मंग आता तुला काय बोलू? तेच परत बोलू? माजं सगळं बोलून झालं त्याच्यावर. आता आत काय उरला नाय." तिने हीर गोळा करून बाजूला सारले. "तो पाया पडला व्हता. तू पन पडायला आलीस काय?"

वैदेही पायरीवरून अर्धवट उठली.

"नको पडू. मला नाय बघवत." मालनने विळा खाली ठेवला. "शनिवारी परत आलो ना, तर बसमधी हे मला बोल्ले, तूच मेसेज वाचायचा विसरली असशील. मी म्हनलं, नाय वो, आलाच नाय. तर म्हनाले, मशीन कशी विसरंल, तूच विसरली. दोन दिवस तेच. रविवारी दम लागला व्हता तरी तेच." ती थांबली. "मी रोज फोन काढून बघते. आला असंल नि माझ्याकडनं पुसला गेला असंल, असं वाटतं."

"नाही आला, वहिनी," वैदेही म्हणाली. "तुमच्याकडून काही झालं नाही. तो निघालाच नव्हता."

मालनने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. पुन्हा विचारलं, "निघालाच नव्हता?"

"नाही."

"ह्ये त्यांना कोन सांगंल आता," ती म्हणाली आणि पुन्हा विळा उचलला. "जा तू. बस चुकंल."

दुसऱ्या दिवशी वैदेहीने केंद्राला स्वतःच्या सहीने पत्र दिलं. सरांना आधी दाखवलं. त्यांनी अडवलं नाही, पण आठवडाभर तिच्याशी कामापुरतंच बोलले. योगिनी सिस्टरांनी पत्र वाचून फाइलला लावलं आणि म्हणाल्या, "बरं केलंस." काम तिच्याकडेच राहिलं. आईला तिने तो कागद वाचायला दिला. आईने तो दोनदा वाचला, घडी करून परत दिला आणि त्या मुलाबद्दल पुन्हा कधी काही बोलली नाही.

सरांनी मितेशला परत बोलावलं. पगार वाढवून देतो म्हणाले. तो एकदा ऑफिसात आला, सरांशी बोलला आणि जिन्यात वैदेहीला भेटला.

"मी लोट्याला जातोय, ताई. तिथे खोली बघितली आहे."

"इथे का नाही येत? सर तयार आहेत. सगळ्यांना कळलंय आता, तुझ्याकडून काही झालं नव्हतं."

"ते कळलं. बरं झालं." तो जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून उभा होता. "पण इथे आलो तर रोज तुमच्यासमोर बसायचं. काही अडलं तर तुम्हालाच विचारायचं. मी विचारीन, तुम्ही सांगाल, आणि माझा विश्वास बसणार नाही. असं काम मला जमणार नाही."

तो रागाने बोलला नव्हता. जिना उतरून त्याने मोटरसायकल चालू केली आणि तो निघून गेला.